व्हिडिओ गेममधील चीट कोड : 'पोक' आज्ञेपासून प्रोग्रॅमिंग लायब्ररीपर्यंतचा इतिहास

१. प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे, ती निर्माण करणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे संस्थापक यांना मोठे स्थान मिळालेले आहे. त्या मानाने यंत्र विकत घेणाऱ्या सामान्य वापरकर्त्याने त्या यंत्राचे पुढे काय केले, याची नोंद कमी प्रमाणात झालेली दिसते. व्हिडिओ गेममधील 'चीट कोड' हा असाच एक उपेक्षित विषय होय. 'चीट' या शब्दाला फसवणुकीचा वास असल्यामुळे या विषयाकडे मुलांचा खोडकरपणा म्हणून पाहिले गेले. वस्तुतः चार दशकांच्या या इतिहासात संगणकाच्या स्मृतीची रचना, संकेतलेखन, स्वामित्व हक्काचा कायदा आणि अंकीय वारशाचे जतन असे चार स्वतंत्र विषय एकत्र आलेले आहेत.

विकत घेतलेल्या वस्तूत स्वतःच्या घरी, स्वतःच्या वापरासाठी बदल करण्याचा अधिकार ग्राहकाला आहे काय, हा या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. तो १९९० मध्ये अमेरिकेतील न्यायालयात उभा राहिला आणि युरोपात त्याच्या एका अंगाचे उत्तर मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) चीट कोडच्या तांत्रिक विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) हे कोड वाचणाऱ्या व वापरणाऱ्या प्रोग्रॅमिंग लायब्ररींचे कार्य समजावून घेणे.
३) या तांत्रिक रचनेचा न्यायालयीन निर्णयांशी असलेला संबंध तपासणे.

२. संज्ञेचे स्पष्टीकरण

चीट कोड या एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी मोडतात. पहिला प्रकार अंतर्गत कोडचा. खेळाचा निर्माताच चाचणीच्या सोयीसाठी अथवा गंमत म्हणून एखादी गुप्त कळसूची प्रोग्रॅममध्ये ठेवून देतो. १९८३ साली मॅथ्यू स्मिथ यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकासाठी लिहिलेल्या 'मॅनिक मायनर' या खेळात ६०३१७६९ हा आकडा टाकला असता हव्या त्या दालनात जाता येत असे. १९८६ साली कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रेडियस' हा खेळ निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी तयार करताना वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए असा क्रम त्यात घातला. हाच क्रम पुढे 'कोनामी कोड' म्हणून जगप्रसिद्ध झाला.

दुसरा प्रकार बाह्य कोडचा. यात निर्मात्याची संमती अथवा तरतूद नसते. खेळाच्या प्रोग्रॅममधील किंवा स्मृतीमधील एखादे मूल्य बाहेरून बदलले जाते. पहिल्या प्रकारात खेळाडू निर्मात्याने ठेवलेली किल्ली वापरतो, तर दुसऱ्या प्रकारात तो स्वतः कुलपाची रचना अभ्यासून किल्ली घडवतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

३. 'पोक'चा काळ

१९८० च्या दशकातील घरगुती संगणकांवर बेसिक ही भाषा उपलब्ध असे. या भाषेतील 'पोक' ही आज्ञा स्मृतीतील अमुक क्रमांकाच्या घरात अमुक मूल्य लिही, एवढेच सांगते. कॅसेटवरून खेळ स्मृतीत उतरवल्यानंतर आणि तो सुरू होण्यापूर्वी ही आज्ञा दिली की खेळाचे वर्तन बदलत असे. 'मॅनिक मायनर'साठी 'पोक ३५१३६, ०' ही ओळ त्या काळी प्रसिद्ध होती. या ओळीमुळे खेळाडूचे 'जीव' संपत नसत. स्पेक्ट्रममधील झेड-८० या प्रक्रियकाच्या भाषेत शून्य याचा अर्थ 'काहीही करू नकोस' असा होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या एका ओळीमागील युक्ती उलगडते. नको असलेल्या आज्ञेच्या जागी निष्क्रिय आज्ञा बसवली, की काम झाले.

ब्रिटनमधील 'क्रॅश', 'युवर सिंक्लेअर' यांसारखी मासिके वाचकांनी शोधलेले असे पोक छापत असत. म्हणजे यंत्रभाषेचे ज्ञान महाविद्यालयाबाहेर, किशोरवयीन मुलांच्या परस्पर देवाणघेवाणीतून पसरत होते. या मासिकांतील आकड्यांचे तक्ते आज निरर्थक भासतात. मात्र प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी प्रोग्रॅम वाचून त्याचा अर्थ लावला होता, ही बाब अभ्यासकाने विसरता कामा नये.

४. गेम जिनी : अनोळखी अक्षरांची भाषा

निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर ही सोय नव्हती. त्यात बेसिक भाषा नव्हती. खेळ कॅसेटऐवजी कार्ट्रिजमध्ये, म्हणजे केवळ वाचता येणाऱ्या रॉम स्मृतीत, कायमचा कोरलेला असे. तेथे लिहिण्याची सोयच नसल्याने पोक करणे अशक्य होते. यावर इंग्लंडमधील कोडमास्टर्स या कंपनीने तोडगा काढला. रिचर्ड व डेव्हिड डार्लिंग या बंधूंच्या या कंपनीने कार्ट्रिज आणि यंत्र यांच्यामध्ये बसणारे 'गेम जिनी' नावाचे साधन तयार केले. कॅनडात ते कॅमेरिका कंपनीने, तर अमेरिकेत लुईस गॅलूब टॉइज या खेळणी कंपनीने विक्रीस आणले.

या साधनाचे कार्य मध्यस्थाचे होते. प्रक्रियक कार्ट्रिजमधील एखाद्या घराचे मूल्य मागतो, ती मागणी गेम जिनीमधून जाते. मागितलेला पत्ता खेळाडूने दिलेल्या कोडमधील पत्त्याशी जुळला, तर मूळ मूल्याऐवजी बदली मूल्य पुढे पाठवले जाते. कार्ट्रिजमधील मजकूर जसाच्या तसा राहतो. यंत्र बंद केले की बदलाचा मागमूस उरत नाही. या यंत्रासाठीच्या गेम जिनीत एका वेळी असे तीन कोड देता येत.

कोडची रचना विचारपूर्वक केलेली होती. त्यासाठी इंग्रजीतील सोळाच अक्षरे घेतली होती : ए, पी, झेड, एल, जी, आय, टी, वाय, ई, ओ, एक्स, यू, के, एस, व्ही आणि एन. सोळा अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर चार बिट दर्शवते. सहा अक्षरी कोडमध्ये त्यामुळे चोवीस बिट मावतात. कार्ट्रिजच्या ३२,७६८ घरांपैकी एक दर्शवण्यास पंधरा बिट, बदली मूल्यास आठ बिट आणि कोड लहान की मोठा हे सांगण्यास एक बिट, असा हा चोख हिशेब होता. मात्र हे बिट सरळ क्रमाने न मांडता विस्कटून मांडले होते. त्यामुळे खेळाडूला अक्षरे दिसत, पण त्यामागील पत्ता दिसत नसे.

आठ अक्षरी कोडमध्ये आणखी आठ बिटांची भर पडे आणि त्यांत 'तुलना मूल्य' साठवले जाई. मोठ्या खेळांच्या कार्ट्रिजमध्ये एकाच पत्त्यावर आळीपाळीने वेगवेगळे भाग येत असत. त्या पत्त्यावर अपेक्षित मूळ मूल्य असेल तरच बदल करावा, अशी दक्षता या तुलना मूल्याने घेतली जात असे. हस्तलिखिताचा अभ्यासक एखादी दुरुस्ती सुचवण्यापूर्वी आपल्यासमोर तोच पाठ आहे ना, याची खात्री करतो, तसाच हा प्रकार होय.

५. एका कोडची फोड

'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात अमर्याद जीव देणारा 'एस-एक्स-आय-ओ-पी-ओ' हा सहा अक्षरी कोड उदाहरणादाखल घेता येईल. या अक्षरांचे बिट योग्य क्रमाने लावले असता पत्ता ३७,३३७ आणि बदली मूल्य १७३ असे उत्तर मिळते. मूळ खेळात या घरात २०६ हे मूल्य आहे. निन्टेन्डोच्या प्रक्रियकाच्या भाषेत २०६ म्हणजे 'पुढे दिलेल्या घरातील मूल्य एकाने कमी कर'. त्यापुढील दोन घरांत १,८८२ हा पत्ता लिहिलेला आहे. याच १,८८२ क्रमांकाच्या घरात खेळाडूचे उरलेले जीव साठवलेले असतात.

बदली मूल्य १७३ याचा अर्थ 'पुढे दिलेल्या घरातील मूल्य वाच' असा होतो. दोन्ही आज्ञांची लांबी तीन घरांचीच असल्याने पुढील प्रोग्रॅम विस्कळीत होत नाही. जीव कमी करण्याऐवजी प्रोग्रॅम ते केवळ वाचतो व पुढे जातो. क्रियापद बदलले, वाक्यरचना कायम राहिली. येथे जीवांच्या संख्येला हात लावलेला नसून प्रोग्रॅममधील आज्ञाच बदललेली आहे, हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

६. न्यायालयीन संघर्ष : १९९० ते १९९४

निन्टेन्डोने गेम जिनीला तीव्र विरोध केला. खेळात बदल झाला म्हणजे मूळ कलाकृतीवर आधारित नवी, 'साधित' कृती निर्माण झाली आणि ती निर्माण करण्याचा अधिकार फक्त स्वामित्व हक्कधारकाचा आहे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. १९९० मध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि सुमारे एक वर्ष गेम जिनी अमेरिकेच्या बाजारात येऊ शकले नाही.

जुलै १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी गॅलूबच्या बाजूने निकाल दिला. १९९२ मध्ये नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. साधित कृती ठरण्यासाठी मूळ कृतीचा अंश कोणत्यातरी मूर्त अथवा स्थायी स्वरूपात नव्या कृतीत समाविष्ट असावा लागतो. गेम जिनी मात्र स्वतः काहीच साठवत नाही. कार्ट्रिजशिवाय त्यातून कोणतेही चित्र निर्माण होत नाही. म्हणून ती साधित कृती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. संरक्षित कलाकृतीकडे रोखलेला शोभादर्शक बेकायदेशीर साधित कृती निर्माण करतोच असे नाही, अशा आशयाचा दृष्टान्तही निकालात येतो. घरातील अव्यावसायिक वापर हा न्याय्य वापर ठरतो, हेही मान्य झाले. मनाई हुकुमाच्या काळातील नुकसानीपोटी गॅलूबला दीड कोटी डॉलर देण्याचा आदेश १९९४ मध्ये अपिलात कायम राहिला.

या निकालाची मर्यादा लवकरच स्पष्ट झाली. १९९८ मध्ये त्याच अपील न्यायालयाने मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन या खटल्यात वेगळा निष्कर्ष काढला. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या खेळासाठी खेळाडूंनी रचलेले नवे टप्पे मायक्रो स्टारने एकत्र करून सीडीवर विकले होते. या टप्प्यांचे तपशीलवार वर्णन फायलींमध्ये कायमस्वरूपी नोंदलेले होते आणि त्यातून मूळ खेळाच्या कथेचे पुढील भाग निर्माण होत होते, म्हणून तेथे हक्कभंग मानला गेला. घरातील क्षणिक बदल आणि स्थायी रूपात विकलेली नवी रचना यांच्यामध्ये अशा प्रकारे रेषा आखली गेली.

७. कार्यस्मृतीवर लिहिणारी साधने आणि कोडची कुलूपबंदी

याच काळात दुसरी परंपरा विकसित होत होती. इंग्लंडमधील डेटेल कंपनीची 'अ‍ॅक्शन रिप्ले' आणि पुढे अमेरिकेत 'गेमशार्क' या नावाने विकली गेलेली साधने मुख्यतः रॅममध्ये, म्हणजे खेळ चालू असताना बदलणाऱ्या कार्यस्मृतीत, मूल्य लिहीत असत. येथे 'जीव कमी कर' ही आज्ञा तशीच राहते. साधन मात्र जीवांच्या घरात पुन्हा पुन्हा ठरावीक संख्या लिहीत राहते.

असे घर शोधण्याची पद्धत वजाबाकीची होती. निन्टेन्डोच्या पहिल्या घरगुती यंत्रात कार्यस्मृतीची २,०४८ घरे होती. तीन जीव असताना ज्या घरांत तीन आहे ती घरे टिपायची, एक जीव गमावल्यावर त्यांपैकी ज्यांत दोन आहे तेवढीच ठेवायची. अशी गाळणी काही वेळा केली की एकच घर शिल्लक राहते. यासाठी यंत्रभाषा येण्याची गरज नव्हती. त्यामुळे कोड शोधणाऱ्यांचा वर्ग बराच विस्तारला.

तथापि या व्यवसायाला दुसरीही बाजू होती. कोडच्या याद्या हे आता विक्रीचे साहित्य बनले होते. २००१ मध्ये आलेल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या यंत्रासाठीच्या साधनांत कोड गूढलिपीत दिले जाऊ लागले. त्यासाठी केंब्रिज येथील डेव्हिड व्हीलर व रॉजर नीडहॅम यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली 'टायनी एन्क्रिप्शन अल्गोरिदम' ही छोटीशी पद्धत वापरण्यात आली. इतरांचे प्रोग्रॅम उघडून दाखवण्यावर ज्यांचा व्यवसाय उभा होता, त्यांनीच स्वतःच्या कोडला कुलूप घातले, हा विरोधाभास लक्षणीय आहे. परंतु कुलपाची किल्ली प्रत्येक साधनातच असल्यामुळे हौशी अभ्यासकांनी ती शोधून काढली.

८. प्रोग्रॅमिंग लायब्ररीचे कार्य

जुनी यंत्रे बाजारातून नाहीशी झाल्यानंतर त्यांचे खेळ एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवले जाऊ लागले. त्याबरोबर जुने कोड नव्या संगणकावर चालवण्याची गरज निर्माण झाली. प्रत्येक साधनाची कोडची लिपी निराळी होती. निन्टेन्डोच्या पहिल्या यंत्रासाठी सोळा अक्षरे होती. सुपर निन्टेन्डोसाठी त्याच गेम जिनीने आठ अंकी षोडशमान पद्धत घेतली, पण अंकांचे अर्थ अदलाबदल करून ठेवले. गेम बॉयच्या गेमशार्क कोडमध्ये पहिले दोन अंक प्रकाराचे, पुढचे दोन मूल्याचे आणि शेवटचे चार पत्त्याचे असत, शिवाय पत्त्याच्या दोन जोड्या उलट क्रमाने लिहिलेल्या असत.

हा सर्व भार उचलणारा प्रोग्रॅमचा स्वतंत्र व पुनर्वापर करण्याजोगा भाग म्हणजे चीट कोडची लायब्ररी. तिच्या कार्याचे पाच टप्पे सांगता येतात. दिलेला कोड कोणत्या साधनाचा आहे हे ओळखणे, गूढलिपीत असल्यास ती उलगडणे, विस्कटलेले बिट लावून पत्ता, मूल्य व तुलना मूल्य वेगळे करणे, हा बदल योग्य ठिकाणी लागू करणे आणि खेळाडूने सांगताच तो मागे घेऊन मूळ स्थिती आणणे. शेवटचा टप्पा दिसतो तितका सोपा नाही. वाचनाच्या वेळी केलेली बदली थांबवली की मूळ आज्ञा आपोआप परत येते, परंतु कार्यस्मृतीत लिहिलेले मूल्य खेळाच्या पुढील वाटचालीत मिसळून गेलेले असते.

अनेक एम्युलेटरांना समान जोडणी पुरवणाऱ्या लिब्रेट्रो या व्यवस्थेत चीट कोडसाठी केवळ दोन कार्ये ठरवलेली आहेत : एक, सर्व कोड पुसून टाकणे आणि दुसरे, अमुक क्रमांकाचा कोड सुरू अथवा बंद करणे. कोडची उकल कशी करायची हे ज्या त्या एम्युलेटरवर सोपवलेले आहे. या व्यवस्थेबरोबर कोडच्या याद्या साध्या मजकूर फायलींमध्ये खेळवार जतन केल्या जातात. मासिकांच्या पानांवर व साधनांबरोबरच्या पुस्तिकांत विखुरलेले ज्ञान अशा प्रकारे यंत्राला वाचता येईल अशा संग्रहात आले.

या संग्रहाचे ऐतिहासिक मूल्य दुहेरी आहे. एकीकडे अमुक घरात जीव, अमुक घरात वेळ अशी प्रोग्रॅमच्या अंतर्रचनेची नोंद त्यातून मिळते. मूळ स्रोतलेख उपलब्ध नसलेल्या खेळांच्या बाबतीत ही नोंद विशेष उपयुक्त ठरते. दुसरीकडे, एका आवृत्तीसाठी शोधलेला कोड दुसऱ्या आवृत्तीत चालेलच असे नसल्याने हे कोड आवृत्त्यांमधील पाठभेदही उघड करतात.

९. सोनी विरुद्ध डेटेल : जुना प्रश्न, नवे उत्तर

आज्ञा बदलणे आणि मूल्य बदलणे हा तांत्रिक भेद युरोपातील एका खटल्यात निर्णायक ठरला. सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या यंत्रासाठी डेटेलने अ‍ॅक्शन रिप्ले आणि 'टिल्ट एफएक्स' ही साधने विकली होती. 'मोटरस्टॉर्म : आर्क्टिक एज' या शर्यतीच्या खेळात वेगवाढीवर असलेली मर्यादा त्यामुळे नाहीशी होत असे. सोनीने जर्मनीत दावा दाखल केला. २०१२ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने तो अंशतः मान्य केला, २०२१ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने फेटाळला आणि त्यानंतर सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे पाठवला.

१७ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला. प्रोग्रॅमचे स्रोतलेख आणि यंत्रलेख या रूपांतील अभिव्यक्तीला संरक्षण आहे. परंतु प्रोग्रॅम चालू असताना तो कार्यस्मृतीत जी चल मूल्ये ठेवतो व वापरतो, त्यांच्यावरून प्रोग्रॅमची पुनर्निर्मिती होऊ शकत नसेल, तर त्या मूल्यांना हे संरक्षण लागू होत नाही, असा त्याचा आशय होता. जुलै २०२५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्यानुसार सोनीचे अपील फेटाळले.

दोन्ही खटल्यांत वापरकर्त्याच्या बाजूने निकाल लागला असला तरी त्यांची कारणमीमांसा भिन्न आहे. अमेरिकी न्यायालयाने बदल क्षणिक आहे काय हे पाहिले, तर युरोपीय न्यायालयाने बदल कशात झाला हे पाहिले. मारिओचा सहा अक्षरी कोड प्रोग्रॅमची आज्ञाच बदलून प्रक्रियकाला देतो. त्यामुळे युरोपीय निर्णयाच्या आधारे त्याला थेट आश्रय मिळतो, असे म्हणता येत नाही. लायब्ररीत 'वाचनबदली' आणि 'स्मृतिलेखन' असे जे दोन प्रकार केवळ सोयीसाठी वेगळे ठेवले जातात, ते कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे प्रदेश ठरतात.

१०. अधिकाराची मर्यादा

वरील विवेचनाचा अर्थ सर्व प्रकारची चीट समर्थनीय आहे असा नाही. एकट्याने खेळल्या जाणाऱ्या खेळातील बदलाचा परिणाम त्या खेळाडूपुरता राहतो. इंटरनेटवरील सामायिक खेळात मात्र एकाने घेतलेला अवाजवी लाभ दुसऱ्याचे नुकसान करतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात खेळाडूऐवजी आपोआप खेळणाऱ्या 'ग्लायडर' या प्रोग्रॅमबाबत अमेरिकेतील त्याच नवव्या मंडळाने २०१० मध्ये निर्णय दिला. कराराच्या अटींचा भंग म्हणजे आपोआप स्वामित्व हक्काचा भंग नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु तांत्रिक संरक्षण चुकवण्याविरुद्धच्या कायद्याखाली ग्लायडरच्या निर्मात्यांना जबाबदार धरले. खेळाडूच्या स्वतःच्या घरातील पटावर त्याचा अधिकार चालतो. पट चारचौघांत मांडला की तो अधिकार मर्यादित होतो, हे तत्त्व येथे दिसून येते.

११. निष्कर्ष

१) चीट कोडचा इतिहास हा वापरकर्त्याने यंत्र समजून घेतल्याचा इतिहास आहे. पोक, गेम जिनी आणि अ‍ॅक्शन रिप्ले हे त्याचे क्रमिक टप्पे होत.
२) कोडच्या लिपी व्यापारी हेतूने अधिकाधिक गूढ होत गेल्या. त्या उलगडून एका ठिकाणी आणण्याचे कार्य प्रोग्रॅमिंग लायब्ररींनी केले.
३) १९९२ आणि २०२४ च्या निर्णयांनी घरगुती बदलाला आधार दिला, परंतु त्यांचे निकष भिन्न असल्याने आज्ञा बदलणाऱ्या कोडचा प्रश्न सर्वत्र सारखाच सुटलेला नाही.
४) कोडसंग्रह हे संगणकीय इतिहासाचे प्राथमिक साधन मानून त्यांची आवृत्तीनिहाय चिकित्सा होणे आवश्यक आहे.

खेळ, कार्ट्रिज व यंत्रे झिजून नाहीशी होतील. त्यांच्या अंतरंगाविषयी वापरकर्त्यांनी मिळवलेले ज्ञान मात्र या सहा-आठ अक्षरांच्या ओळींमध्ये टिकून आहे. ते वाचता येत राहावे यासाठी ते उलगडणाऱ्या लायब्ररींचेही जतन होणे तितकेच गरजेचे आहे.